फ्रेंच स्वपरिचय : एक सखोल आणि अनावश्यक मीमांसा

कोणताही ग्रंथ आरंभण्यापूर्वी त्याचा विषय काय, अधिकारी कोण आणि प्रयोजन कोणते हे सांगून मोकळे व्हावे, अशी आपल्याकडची जुनी शिस्त आहे. ती पाळतो. विषय : फ्रेंच भाषेत आपले नाव आणि गाव सांगणे. अधिकारी : ज्याला नाव आहे आणि गावही आहे असा कोणीही. प्रयोजन : अकरावीला मार्क उचलण्यासाठी फ्रेंच घेतलेली मुले आणि निवृत्तीनंतर पॅरिसची टूर ठरली म्हणून क्लास लावलेली ज्येष्ठ मंडळी, या दोन वर्गांवर होत असलेल्या अन्यायाला वाचा फोडणे.

अन्याय असा. युरोप परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या जाहीर केल्या. ए१ ही तळाची, सी२ ही शिखरावरची. यांतल्या तळाच्या पायरीवर परिषदेने काय ठेवले, तर स्वतःची ओळख करून देणे आणि आपण कुठे राहतो ते सांगणे. फ्रान्सच्या शिक्षण खात्याची ‘डेल्फ’ ही परीक्षा १९८५ पासून चालू आहे. तिच्या ए१ पातळीची तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांत आटोपते आणि त्यातले जेमतेम एक मिनिट ‘तुम्ही कोण, कुठले’ या प्रश्नाला दिलेले असते. म्हणजे जो प्रश्न माणसाला जन्मभर पुरतो, तो या लोकांनी साठ सेकंदांत बसवला. प्रस्तुत लेखकाचा सिद्धान्त असा आहे की, हे प्रकरण ए१ मध्ये चुकून पडले असून त्याची खरी जागा सी२ च्या वर, एखाद्या गच्चीवर आहे. अणुऊर्जेच्या भवितव्यावर फ्रेंचमध्ये बोलणे त्या मानाने सोपे. अणुऊर्जेला कोणी ‘मूळच्या कुठल्या?’ असे विचारत नाही.

प्रथम नाव. ते सांगणे अवघड नाही, सर्वांना येते. अवघड आहे ते परीक्षक हातात पेन घेऊन ‘कसं लिहायचं?’ असे विचारतो तेव्हा. फ्रेंच मुळाक्षरांत रोमन ‘जे’ला ‘झी’ म्हणतात आणि ‘जी’ला ‘झे’. ही अदलाबदल कोणी आणि का केली याची चर्चा येथे करत नाही; केली, एवढे खरे. भरीला आपण ज्याला ‘ई’ म्हणतो ते अक्षर त्यांच्याकडे ‘अ’सारखे काहीतरी असते, आणि ‘ई’ असा उच्चार केला की ते ‘आय’ लिहून घेतात. ‘ए’ म्हटले की ‘ई’ लिहितात. आता जोगळेकर आडनावाच्या सज्जनाने सवयीने इंग्रजी अक्षरे घडाघडा सांगितली, तर कागदावर जे उतरते त्याचा उच्चार ‘गोझ्लिकेर’ असा होतो. या गृहस्थाचा पुढे व्हिसा, पासपोर्ट आणि बँक यांच्याशी जो पत्रव्यवहार होईल तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

नावावर अधिक वेळ घालवत नाही, कारण खरे अरण्य पुढे आहे : देश.

फ्रेंचमध्ये देशाला लिंग असते. मराठी माणसाला याचे भय वाटण्याचे कारण नाही. ज्या भाषेत टेबल ‘ते’, खुर्ची ‘ती’ आणि सोफा ‘तो’ असतो, आणि ‘मी आलो’ की ‘मी आले’ यावरून दाराबाहेर कोण उभे आहे ते कळते, त्या भाषेत वाढलेल्याला ‘अँदियँ’ म्हणजे भारतीय पुरुष आणि ‘अँदियेन’ म्हणजे भारतीय स्त्री हे एका तासात पचते. सतावतात ती शब्दयोगी अव्यये. स्त्रीलिंगी देशात माणूस ‘आं’ राहतो, पुल्लिंगी देशात ‘ओ’ राहतो, आणि अनेकवचनी देशातही ‘ओ’च राहतो, पण लिहिताना शेवटी एक्स लावून. तिथून निघताना अनुक्रमे ‘द’, ‘द्यु’ आणि ‘दे’ अशी तीन वेगळी दारे आहेत. देशाच्या स्पेलिंगच्या शेवटी न उच्चारायचा ‘ई’ असेल तर देश स्त्री समजावा, हा नियम. मेक्सिको, कंबोडिया आणि मोझांबिक यांच्या फ्रेंच स्पेलिंगांना तो ‘ई’ आहे आणि तरीही ते पुरुष आहेत, हा अपवाद. इराण पुरुषच आहे, पण त्याच्या नावाचा आरंभ स्वराने होतो म्हणून त्याला बायकांच्या डब्यात बसायची परवानगी आहे, हा अपवादाचा अपवाद.

या कसोटीवर सार्क संघटना तपासली असता एक उद्बोधक चित्र दिसते. सभासद आठ. पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि अफगाणिस्तान हे सहा पुल्लिंगी. मालदीव स्त्रीलिंगी, पण अनेकवचनी, म्हणजे घोळक्याने वावरणाऱ्या. एकवचनी स्त्री एकटी भारत. आपण ज्याला ‘तो भारत’ म्हणतो त्याला फ्रेंच व्याकरणकारांनी कोणालाही न विचारता भारतमाता करून टाकले आहे. आपल्याकडे याचे कोणी भांडवल कसे केले नाही, हे आश्चर्य.

मातेच्या सन्मानाला गालबोट लागते ते पुढच्याच वाक्यात. ‘मी भारतातून आलो’ हे फ्रेंचमध्ये ‘ज व्हियँ दँद’ असे होते, आणि ‘दँद’ म्हणजे टर्की पक्ष्याची मादी. हा निव्वळ योगायोग नाही. टर्की हा अमेरिकेतला पक्षी. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला तेव्हा अमेरिकेलाही ‘इंडिया’च समजण्याची पद्धत होती, त्यामुळे फ्रेंचांनी त्याला ‘इंडियाची कोंबडी’ म्हटले आणि कालांतराने कोंबडी गळून नुसती ‘इंडियाची’ उरली. म्हणजे कोलंबसाचा पत्ता चुकला आणि त्याचे बिल आजतागायत पुण्या-मुंबईचे विद्यार्थी भरत आहेत. क्लासमधल्या मॅडम याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण मानावे. एकदा का बाकांवर कोंबडी शिरली, की पुढचा तास गेलाच.

मॉरिशसच्या मराठी मंडळींचा पेच वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांचे पूर्वज, बरेचसे कोकणातले, उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले, आणि आज तिथल्या कित्येक घरांत फ्रेंच किंवा तिच्यातून निघालेली क्रिओल बोलली जाते. बेटांची गोष्ट अशी की क्यूबा, माल्टा, मॉरिशस अशांना उपपदाशिवाय, नुसते ‘आ’ लावून बोलवतात. पण मॉरिशसचे फ्रेंच नाव ‘मोरीस’, आणि मोरीस हे पुरुषाचेही नाव. त्यामुळे ‘ज स्वि आ मोरीस’ या वाक्याचा अर्थ ‘मी मॉरिशसला आहे’ असाही होतो आणि ‘मी मोरीसच्या मालकीचा आहे’ असाही. मळ्यावरच्या मजुराच्या तोंडी हा दुसरा अर्थ अगदीच काल्पनिक म्हणता आला नसता.

आणि देशच हलत राहिला तर काय करावे? महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या त्या डी बॉइनला आपल्याकडे सरसकट फ्रेंच म्हणतात. तो १७५१ साली शांबेरी या गावी जन्मला. शांबेरी सॅव्हॉय प्रांतात, आणि सॅव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाचे. हा सार्डिनियाच्या राजाचा प्रजाजन तरुणपणी फ्रेंच सैन्यातल्या आयरिश पलटणीत होता. नंतर रशियाकडे गेला, मग मद्रासेत इंग्रजांच्या कंपनीकडे, आणि १७८४ च्या सुमारास शिंद्यांकडे. तो उत्तर हिंदुस्थानात लढाया मारत असताना १७९२ मध्ये फ्रान्सने त्याचे गाव गिळले. नेपोलियन पडल्यावर ते परत सार्डिनियाकडे गेले. १८६० मध्ये पुन्हा फ्रान्सकडे आले, पण तोवर डी बॉइनला जाऊन तीस वर्षे झाली होती. शिवाय त्याचे जन्मनाव ‘लबोर्न्य’, म्हणजे ‘काणा’. ते त्याने स्वतःच दुरुस्त करून घेतले होते. अशा उमेदवारासमोर ए१ चा परीक्षक पेन उघडून बसला, तर नाव आणि राष्ट्रीयत्व या पहिल्या दोन रकान्यांतच दुपार सरावी. शांबेरीत १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभारले. त्यावर चार हत्ती आहेत, पण फक्त पुढचे अर्धे. गावकरी त्यांना ‘बिनढुंगणाचे चौघे’ म्हणतात.

राज्ये आणि शहरे यांच्याकडे वळू. महाराष्ट्र फ्रेंचांच्या लेखी पुल्लिंगी, म्हणून ‘ओ महाराष्ट्रा’. गोवा मात्र एखाद्या शहरासारखे, उपपदाविना, ‘आ गोआ’. बांदा सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडला की दारूचे भाव बदलतात हे सर्वांना ठाऊक आहे. अव्ययही बदलते, याची नोंद मात्र अबकारी खात्याकडे नाही.

शहरांना लिंगाची भानगड सहसा नसते. सरळ ‘आ पारी’, ‘आ पुणे’. ‘सहसा’ म्हणालो, कारण काही शहरे जन्मतःच उपपद घेऊन आलेली असतात. ल मां हे मोटारींच्या चोवीस तासांच्या शर्यतीचे गाव. तिथला माणूस ‘आ ल मां’ राहत नाही, ‘ओ मां’ राहतो, कारण ‘आ’ आणि ‘ल’ समोरासमोर आले की वितळून ‘ओ’ होतात. ला रोशेल या गावात मात्र ‘ला’ वितळत नाही. बायकी उपपद जागचे हलत नाही आणि पुरुषी उपपद हाक मारताच विरघळते, यावर भाष्य करण्याचा मोह आवरतो.

आव्हिन्यों या गावावरून फ्रान्समध्ये सुशिक्षित माणसांची भांडणे होतात. नियमाने ‘आ आव्हिन्यों’. पण १९४७ साली जां व्हिलारने सुरू केलेल्या तिथल्या नाट्यमहोत्सवाला जाणारी मंडळी ‘आं आव्हिन्यों’ म्हणतात आणि तसे म्हणताना मान किंचित उंच करतात. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा की, १७९१ पर्यंत हे गाव पोपच्या मालकीचे होते, म्हणजे जवळजवळ देशच, म्हणून देशाचे अव्यय. विरुद्ध पक्ष म्हणतो, हा निव्वळ दक्षिणेकडच्या प्रोव्हान्साल बोलीचा संस्कार आहे, दोन ‘आ’ एकमेकांवर आपटू नयेत एवढ्यासाठी. प्रस्तुत लेखकाला दुसरा पक्ष बरोबर वाटतो आणि पहिला पक्ष जास्त आवडतो.

नियेव्हर जिल्ह्यात प्वाल नावाचे खेडे आहे. तिथला रहिवासी नियमाला धरून ‘मी प्वालमध्ये आहे’ असे बोलला, तर ‘ज स्वि आ प्वाल’ हे वाक्य तयार होते, आणि त्याचा प्रचलित अर्थ ‘माझ्या अंगावर कपडे नाहीत’ असा आहे. फोनवर हे वाक्य विशेष जपून वापरावे लागत असणार.

आपल्या गावांचे काय होते तेही पाहू. पुण्याच्या एका क्लासात पुस्तकातल्या धड्यावर बेतून मुले एकेक करून उठत होती. मॅडमनी आदल्या तासाला सांगितले होते की, फ्रेंचमध्ये रोमन ‘यू’ म्हणजे ओठांचा चंबू करून ‘यु’, ‘एच’ मुका आणि शेवटचा ‘ई’ बोलायचाच नाही. एका प्रामाणिक मुलाने हे नियम स्वतःच्या गावाला लावले आणि जाहीर केले, ‘जाबित आ प्यून.’

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, ‘अरे, विशेषनामाला नियम लावायचे नाहीत.’

मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, मग ठाणे?’

‘ठाणेच म्हणायचं.’

‘नियम लावला तर “तान” होतं, मॅडम. आणि हडपसरचं अडपसर.’

‘हडपसरला हडपसरच म्हण बाळा, आणि खाली बस.’

मॅडमचा निर्णय शहाणपणाचा होता, पण शास्त्रीय नव्हता. फ्रेंच तिकीट तपासनिसासमोर ते छापील नाव जाईल तेव्हा तो नियमच लावणार.

आता या शास्त्राच्या गाभ्यात शिरू : गावावरून माणसाचे नाव. मराठीने हा प्रश्न ‘कर’ लावून कायमचा निकालात काढला आहे. नागपूरकर, वाईकर, सांगलीकर, सोलापूरकर. गाव कितीही फुटकळ असो, प्रत्यय एक. इतका एक, की निम्म्या लोकांनी तो आडनावातच ओतून घेतला. मंगेशकर म्हटले की मंगेशीचे देऊळ डोळ्यांपुढे येते आणि ‘तुम्ही कुठले’ हा प्रश्न बाद होतो. फ्रेंचांमध्येही पिकार, लब्रतों, लाँग्लवा अशी आडनावे आहेत : अनुक्रमे पिकार्दीचा, ब्रिटनीचा, इंग्लंडचा. गंमत दोन्हीकडे सारखी. पिकार्दीत सगळेच पिकार, त्यामुळे तिथे ते नाव कोणाला चिकटत नाही. गाव सोडून परमुलखात गेल्यावर शेजारी ते चिकटवतात. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर म्हणून काय ओळख पटणार?

पण आडनाव सोडून साधे ‘मी अमुककर’ म्हणायचे झाले, तर फ्रेंच माणसाची दैना आहे. पॅरिसचा पारिझियँ, लियोंचा लियोने, लिलचा लिल्वा, तुलूझचा तुलूझँ, तूरचा तूरांझो. एवढे प्रत्यय तरी पाठ करता येतील. सँतेत्येनचा रहिवासी मात्र स्तेफान्वा असतो, कारण एत्येन म्हणजे लॅटिनमधला स्तेफानुस. बझाँसोंचा तो बिझोंतँ. शँपेनच्या बाटल्या भरणाऱ्या एपेर्नेचा तो स्पार्नासियँ. फोंतेनब्लोचा बेलिफोंतँ. सँ-दनीचा, जिथे फ्रान्सचे राष्ट्रीय स्टेडियम आहे, तो दिओनिझियँ. आणि मुकुटमणी म्हणजे शातो-तिएरी. हे गाव एका श्वासात म्हणता येते, पण तिथल्या माणसाने स्वतःला कास्त्रोतेओदोरिसियँ म्हणवून घ्यायचे असते, कारण गावाचे लॅटिन नाव ‘थिओडोरिकचा किल्ला’ असे होते. तसले गाव ए१ च्या उमेदवाराच्या नशिबी आले, तर मिनिट तिथेच संपते.

हे कसे वाटते ते कळण्यासाठी मराठीत प्रयोग करून पाहावा. समजा, पैठणच्या माणसाने पैठणकर न म्हणता स्वतःला ‘प्रातिष्ठानिक’ म्हणायचे, तेरच्या माणसाने ‘तागरीय’ आणि कऱ्हाडच्याने ‘कारहाटक’. एसटीच्या थांब्यावर ‘काय पाव्हणं, कुठलं?’ या प्रश्नाला ‘मी प्रातिष्ठानिक’ असे उत्तर दिल्यास पाव्हण्याला पाणी मिळणार नाही.

कवी रँबो १८५४ साली शार्लव्हिल येथे जन्मला. १९६६ मध्ये शार्लव्हिल आणि शेजारचे मेझिएर एक झाले आणि तिथले लोक ‘कारोलोमासेरियँ’ झाले. रँबो त्यातून वाचला असे वाटते. पण नुसत्या शार्लव्हिलच्या माणसाला म्हणायचे ‘कारोलोपोलितँ’. इतक्या लहान वयात तो गाव सोडून वारंवार का पळाला, याची कारणे चरित्रकारांनी अन्यत्र शोधली आहेत.

उलट टोकाला सोम जिल्ह्यातले एक गाव आहे, ज्याचे नाव एका अक्षराचे : ‘वाय’. उच्चार ‘इ’. येथे तरी लोक गप्प बसतील असे वाटेल, पण नाही. त्यांनी ग्रीक मुळाक्षरे आणून स्वतःला ‘इप्सिलोनियँ’ करून घेतले. गावाच्या नावाच्या कित्येक पट लांब रहिवासी.

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ग्रामपंचायती-नगरपालिका आहेत, त्यामुळे हे सगळे पाठ करणे फ्रेंचांनाही जमत नाही. म्हणून सुज्ञ माणूस जिल्हा सांगतो. पण जिल्ह्यांनीही कमी रडवलेले नाही. १७९० मध्ये क्रांतिकारकांनी ८३ जिल्हे पाडले आणि त्यांना नद्या-डोंगरांची नावे दिली. नदीच्या खालच्या अंगाचा जिल्हा तो ‘अँफेरिअर’, म्हणजे खालचा. भूगोल चोख होता. मात्र ‘मी खालचा’ असे दीडशे वर्षे सांगून लोक कंटाळले. खालची शारांत १९४१ मध्ये समुद्रकाठची शारांत झाली, खालची सेन १९५५ मध्ये समुद्रकाठची सेन झाली, खालची ल्वार १९५७ मध्ये अटलांटिक ल्वार. खालच्या पिरेनीजनी १९६९ मध्ये आणि खालच्या आल्प्सनी १९७० मध्ये नावे बदलून घेतली. खालच्या ऱ्हाइनचे लोक तेवढे अजून खालीच आहेत आणि त्यांचे काही बिघडलेले दिसत नाही. आपल्याकडे आंबेगाव खुर्द आणि आंबेगाव बुद्रुक शेजारी शेजारी नांदतात. खुर्द म्हणजे धाकटे, बुद्रुक म्हणजे थोरले. खुर्दच्या लोकांनी थोरपणासाठी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही; फ्लॅटचा भाव मिळाला की झाले.

नावाचा ताप नको म्हणून फ्रेंचांनी जिल्ह्यांना आकडे दिले आणि स्वतःची ओळख त्यात शोधली. पॅरिस ७५, मार्सेचा जिल्हा १३, ब्रिटनीचे टोक २९. कॉर्सिकाचे १९७६ मध्ये दोन भाग झाले तेव्हा २० हा आकडा मोडून २ए आणि २बी केले. पूर्वी हा आकडा गाडीच्या नंबरातच असे, आणि जिल्हा बदलला की पाटीही बदलावी लागे. २००९ मध्ये सरकारने गाडीला आयुष्यभराचा एकच नंबर द्यायचे ठरवले आणि जिल्हा काढून टाकायचा घाट घातला, तर गदारोळ झाला. खासदारच ‘जिल्ह्याशिवाय नाही’ म्हणत उठले. शेवटी तडजोड निघाली : उजव्या बाजूच्या निळ्या पट्टीवर जिल्ह्याचा आकडा राहील, पण तो मालकाने आपल्या मर्जीने निवडावा. राहतो कुठे याच्याशी त्याचा संबंध नाही. पॅरिसमध्ये जन्म काढलेला माणूस गाडीवर २ए मिरवू शकतो, आणि कायदा त्याला कॉर्सिकन समजायला तयार आहे.

शब्दयोगी अव्यय नाही, लिंग नाही, लॅटिन नाही, उच्चारही नाही. स्वपरिचयाची याहून निर्दोष पद्धत या लेखकाच्या पाहण्यात आलेली नाही. ती महाराष्ट्रात लागू केल्यास चिंचवडच्या रस्त्यांवर एमएच १४ च्या किती गाड्या उरतील आणि किती रातोरात एमएच १२ होतील, की कोथरूडचेच काही जण पार्किंगच्या आशेने १४ घेतील, हा प्रश्न पुढील संशोधकांसाठी मोकळा सोडला आहे. आरटीओने प्रबंधासाठी आकडेवारी पुरवल्यास लेखक आभारी राहील.